एकोणीस एकांचे अवयव

२ जून
गणित विभागाचा प्रमुख म्हणून चष्म्याची नेमणूक झाली. चष्मा म्हणजे माझ्याहून आठ वर्षांनी लहान असलेला आमच्या शाळेतला दुसरा गणितशिक्षक. मला अजिबात वाईट वाटलेलं नाही. घरी आल्यावर दार जरा जोरात लागलं, एवढंच.
संकल्प : ओळीनं एकोणीस वेळा एक लिहिल्यावर जी अगडबंब संख्या होते, तिचे अवयव कागद-पेन्सिलीनं शोधायचे. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. मग बघू प्रमुख कोण ते.

३ जून
दोन, तीन, पाच, सात, कशानंच भाग जात नाही. पण मीही कच्चा नाही. भाजक असलाच तर तो अडतीसच्या पटीत एक मिळवूनच येणार, हे सिद्ध केलं. काम केवढं कमी झालं! पहिला उमेदवार १९१. नाही गेला. एकूण किती भागाकार करावे लागतील याचा हिशेब मुद्दाम केलेला नाही. उत्साह जातो.

११ जून
बायको लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे गेली. दिवस भरत आलेत. तुम्ही कधी येताय, म्हणाली. म्हटलं, अवयव मिळाले की लगेच. तिनं बॅग इतक्या शांतपणे भरली की मला तिचा पाठिंबा जाणवला.

१९ जून
वेग वाढावा म्हणून नववीच्या वर्गात प्रत्येकाला एकेक भागाकार वाटून दिला. पालक येऊन गेले. हेडमास्तर म्हणाले, काही दिवस घरीच थांबा. थोडक्यात, संशोधनासाठी रजा मंजूर.

२६ जून
दूध उतू गेलं. नुसता पाव खाल्ला. देवा, एक तरी मिळू दे. छोटासा चालेल.

१ जुलै, सकाळ
मिळाला! ४५२३! बाकी शून्य!! चष्म्याला फोन केला. हेडमास्तरांना केला. ठेवतो न ठेवतो तोच बायकोचा आला : लेकीला दवाखान्यात नेलंय, बाळाचे ठोके कमी झालेत, असाल तसे निघा. म्हटलं, निघालोच. फक्त एकदा ताळा करून.

संध्याकाळ
वजाबाकीत हातचा विसरलो होतो. बाकी शून्य नाही. बस गेली. बायको फोन उचलत नाही.

२ जुलै
जावयाचा फोन. मुलगी झाली. सिझेरियन. बाळ काचेच्या पेटीत आहे, पण धोका टळला. मला रडू आलं. त्याचंही मन रमावं म्हणून संख्येचं सांगितलं. तो मोबाइलवर काहीतरी बघत असावा. मग म्हणाला, बाबा, ती मूळ संख्या आहे. अवयवच नाहीत तिला.
पोराची झोप झालेली नाही. काहीही बोलतोय.

४ जुलै
लायब्ररीत गेलो. जाड पुस्तकाच्या शेवटच्या कोष्टकात सापडली. मूळ संख्या. माझ्या जन्माआधीच कोणीतरी सिद्ध करून ठेवलंय. ग्रंथपालबाईंनी न मागता पाणी आणून दिलं.
तरी एक लक्षात घ्यायला हवं. एक ४५२३ सोडला, तर माझे सगळे भागाकार बरोबर होते.

७ जुलै
लेकीकडे गेलो. दार बायकोनं उघडलं. विचारलं, मिळाले अवयव? म्हटलं, नाहीत तिला. बरं, म्हणाली.
नात कालच पेटीतून बाहेर आलीय. मांडीवर घेतली तर वजनच लागेना. माझ्याकडे बघून तिनं भोकाड पसरलं, मग बायकोनं घेतली. लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. टाके दुखत असणार.
बायको म्हणाली, जेवून जा.
म्हटलं, अगं, मी राहायच्या तयारीनं आलोय, कपडे आणलेत.
तिनं ताट वाढलं. पुन्हा म्हणाली, जेवून जा.
जेवलो.