ईज का डेपो

१३ मे
दुपारी चारला आभाळ काळंठिक्कर. वाऱ्याने टिनं उडाली, लाइट गेली. मी बातमी अर्धी टाकून खिडकी लावली, पाठ वळवली — तेवढ्यात असा आवाज की फळीवरची भांडी खाली. उजेड दिसलाच नाही. अंगणात धावलो आणि ओरडलो, "डेपो! घरं सोडा!"

नाचणगावात हे कोणाला समजावावं लागत नाही. लष्कराच्या दारूगोळा डेपोकडून आवाज आला की आधी घर सोडायचं, भिंतीखाली थांबायचं नाही. सगळी गल्ली उघड्यावर.

डेपो नव्हता, वीज होती. दुसरी वीज गल्लीच्या टोकाच्या कडुनिंबावर पडली. खाली कौशल्याबाई होत्या. गेल्या. शेजारी उभे लक्ष्मणराव, त्यांचे यजमान, वाचले.

साडेसहाला फोनवरून बातमी पाठवली. 'स्फोटाच्या अफवेने नागरिक घराबाहेर.' अफवा. चांगला शब्द आहे, त्याला तोंड नसतं.

१४ मे
पहिलं पान. अफवा मथळ्यातच.

१६ मे
टपरीवर आता राम राम नाही. कोणाचं किती उडालं, तेच. गोपाल चहा गाळता गाळता म्हणाला, "माह्यं टिन थेट पंचायतीवर जाऊन पडलं. पाच वर्षं त्यायले छत मागून राह्यलो होतो, हवेनं उलटं माह्यंच नेऊन देल्लं."

मग विषय आलाच. वाऱ्यात 'डेपो' ओरडणाऱ्याचा आवाज कोणालाच ओळखू आला नव्हता.

"अण्णाजीच असन. त्याले कुकर वाजला तरी डेपोच वाटते," कोणी तरी गल्लीतल्या अण्णाजींचं नाव घेतलं.

सगळे हसले. मीही.

१९ मे
अण्णाजी तीन दिवस टपरीवर नाहीत. घरी गेलो. खाटेवर बसून होते.

"मी त झोपलो होतो ना हो, भैय्याजी. पण सारे म्हणून राह्यले त मलेबी वाटते, झोपेत मीच वरडलो असन."

पाणी पिऊन परत आलो. दुसरं काही केलं नाही.

२१ मे
लक्ष्मणराव दारोदार एकच विचारत फिरतात — आवाज कोणाचा होता? आज माझ्या दारात. वीज पडल्यापासून एका कानाने नीट ऐकू येत नाही, म्हणून दुसरा कान पुढे करून उभे.

"तुमी पेपरवाले. तुमीच सांगा, कोन होता?"

"पाहतो," म्हणालो.

तीस वर्षं 'पाहतो' म्हटलं की शोधून वेळेत छापलं आहे.

२३ मे
दुपारी लांब गडगडलं. गल्लीतला प्रत्येक जण उंबरठ्यावर — एक पाय विजेसाठी आत, एक डेपोसाठी बाहेर. ईज का डेपो, कोणी विचारेना. कोणी सांगेना. पाऊस आला नाही. बराच वेळ तसेच उभे होतो सगळे.

दार लावताना माझी बायको मंजुषा म्हणाली, "मी त्या दिवशी सैपाकघरात होती. मले आयकू आलतं तुमचं वरडनं."

दहा दिवस ही माझ्या ताटात वाढते आहे.

२४ मे
सकाळी लक्ष्मणरावांकडे गेलो. त्यांच्या चांगल्या कानाशी बसून सांगितलं. मीच.

शिवी येईल म्हणून थांबलो. ते कौशल्याबाईंचं सांगू लागले.

"ती निंघतच नोती. म्हने, ईज हाय, अंदरच बसा. मी म्हटलं, अवं भैय्याजी म्हनून राह्यले, चाल — अन् हाताले धरून वढत नेलं. मंग सारे म्हनत, अण्णाजी होता. अण्णाजीच्या बोलन्यावर मी तिले वढलं असतं का? मले वाटे, तुमचं नाव मीच मनानं घातलं."

डोळे पुसले.

"म्हंजे तुमीच होते. उगाच नाई वढलं मी तिले."