शिडी कोणी मांडली

पुणे,
२२ जून २००८

चि. प्रियदर्शनीस,

वर्ध्याचा पत्ता तुमच्या लग्नाच्या वेळच्या वहीत सापडला. माहेरीच आहेस असं समजून लिहितो. तुझ्या आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणे. त्यांना माझा नमस्कार सांग, सांगावासा वाटला तर.

मी बरा आहे. दुधाची एक पिशवी आता दोन दिवस पुरते. दिग्विजय गंधारला घेऊन मंगळवारी अमेरिकेला गेला. कंपनीने तीन वर्षांसाठी पाठवलंय. कोर्टाच्या परवानगीचा कागद तुला आला असेलच.

काल गंधारच्या पुस्तकांचं कपाट आवरलं. हिंजवडीहून कंपनीची बस आली की तू चपला काढायच्या आधी विचारायचीस, "बाबा, आज कुठली गोष्ट झाली?" पुराणातल्या गोष्टी, जुनी नाटकं मी त्याला सोपी करून सांगायचो आणि मग आम्ही ती करायचो. तुझी निळी चादर म्हणजे पडदा. सहा वर्षांचं पोर राजाची लांबलचक वाक्यं एका दमात म्हणायचं. तीस वर्षं शाळेत नाटकं बसवली, पण असा नट मला मिळाला नव्हता.

हे मी उगाच लांबवतो आहे.

त्या गुरुवारी तो राजा होता. तटावरून सैन्याला हाक मारायचा प्रवेश होता. पलंगावर उभं करून पाहिलं, पण तट वाटेना. माळ्यावरची बॅग काढून झाल्यावर तू सकाळीच शिडी मिटून दाराआड ठेवली होतीस. ती मी आणली, मी मांडली. त्याला वरच्या पायरीवर मीच चढवलं. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे, असं म्हणत मी मागे मागे सरकत स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. त्याने हात उंच केला आणि शिडी घसरली. मला वेळेत पोचता आलं नाही.

दवाखान्यात दिग्विजयने विचारलं, "शिडी तिथे कशी आली?"

"सकाळी प्रियदर्शनीने काढली होती," मी म्हणालो. पुढचं त्याने जुळवलं आणि मी जुळवू दिलं. तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "बाबा, मी दाराआड ठेवली होती ना? तुम्ही पाहिलंत ना?" मला आठवत नाही, असं मी सांगितलं. कोर्टात मात्र मला सगळं आठवलं. आई निष्काळजी ठरली आणि मुलगा बापाकडे गेला.

त्याचा उजवा कान गेला हे तू जाणतेस. पुढचं तुला ठाऊक नाही. घरी आल्यावर त्याने मला विचारलं, "आजोबा, मला तुम्हीच चढवलं होतं ना?" मी त्याला मांडीवर घेतलं. डोक्याला मार लागला की असं उलटंसुलटं आठवतं, म्हणालो. मग काय झालं ते सांगितलं: आई घाईत होती, तिची बस चुकत होती, शिडी तशीच राहिली. तो पुन्हा विचारायचा, मी पुन्हा सांगायचो. हळूहळू त्याने विचारणं सोडलं.

मंगळवारी सकाळी मी दिग्विजयला खरं सांगितलं. तो बॅगेला कुलूप लावत होता. "आत्ता सांगताय?" एवढंच म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आता दुसऱ्या कुणाला सांगू नका." आणि टॅक्सीवाल्याला फोन लावायला गॅलरीत गेला.

परवा वकिलांकडे जाऊन आलो. सोबत माझं प्रतिज्ञापत्र आहे, सही केलेलं. मूल देशाबाहेर गेल्यावर याने काही होईल असं वकिलांना वाटत नाही. झालंच तर वर्षं लागतील, म्हणाले, आणि माझं वय विचारलं.

पण खरं ते पुढेच आहे. टॅक्सी येईपर्यंत मी गंधारच्या डाव्या बाजूला बसलो आणि त्यालाही सांगितलं, की शिडी आईने नाही, मी मांडली होती. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मोठ्या माणसासारखा माझ्या हातावर थोपटत म्हणाला, "नाही आजोबा, तुमच्या लक्षात नाही. आई घाईत होती. तिची बस चुकत होती."

मी पुन्हा सांगायला लागलो, तेवढ्यात खाली हॉर्न वाजला.

क्षमा मागत नाही. तू मला बाबा म्हणायचीस, त्या सवयीने खाली तसंच लिहिलं गेलं होतं. ते खोडलं आहे.

शरच्चंद्र