स्टीअरिंगमधलं कापड

प्रिय मिलादिन,

'प्रिय' सवयीनं पडलं, माझा इलाज नाही. माझा पोरगा ओग्न्येन घरी आलाय. जबडा तारांनी बांधलाय, सूप नळीनं पितो. त्याची बायको दुन्या वेळेआधीच बाळंत झाली, पण मायलेकी सुखरूप आहेत. नात अशी खणखणीत रडते की गल्लीतली कुत्री गप्प होतात.

तू दवाखान्यात आला होतास. डॉक्टरांसमोर छाती पिटलीस आणि जिन्यात माझ्या कानाशी पुटपुटलास, "कागदावर लिहिलंय ना राडोयको, पाहिलं-घेतलं." अरे, जुनी गाडी विकणारा इथला प्रत्येकजण ते लिहितो. खाली सही झाली की इंजिन रस्त्यात गळून पडलं तरी तक्रार नाही. हे मला शिकवतोस? चाचाकच्या बाजारात फाटक्या टायरांवर बसून मी धंदा उभा केला! पण ते शब्द परक्यासाठी असतात रे. तू ओग्न्येनचा कूम, धर्मबाप. बाप्तिस्म्याला त्याला हातावर तूच घेतलंस, नाव तूच ठेवलंस. सख्ख्या भावाशी भांडावं, कुमाशी नाही, असं आपण मानत आलो. त्याच मानाचा तू भाव केलास.

गाडी घेताना मी म्हटलं होतं, आपल्या मिस्त्रीला दाखवू. ओग्न्येनच लाजला. "बाबा, कुमाच्या गाडीखाली वाकून बघायचं? उद्या त्याच्या घरचा पाव खाण्याआधी हुंगायचाही का?" तरी मी स्टीअरिंग थोपटलं. उशीवर थाप मारावी तसा आवाज आला. तुला विचारलं, तर म्हणालास, "कान कोर म्हाताऱ्या, जर्मन गाडी आहे, तुझ्या ट्रकांसारखी खोकत नाही." आणि बॉनेटवर राकिया शिंपडून घोट मारलास. सगळे हसले.

उतारावर लाकडांचा ट्रॅक्टर आडवा आला. चूक ट्रॅक्टरवाल्याची, मान्य. पण एअरबॅग उघडलीच नाही. मिस्त्रीनं स्टीअरिंगचं झाकण उचकटलं तेव्हा शेजारी मी एकटाच होतो. आत एअरबॅग नव्हतीच. आधीच्या कुठल्याशा अपघातात फुटून गेलेली. तिच्या जागी, झाकण खडखडू नये म्हणून, घडी करून कोंबलेलं कापड. जर्मनीतल्या कुणा चोराचं काम असेल, असंच मी म्हणणार होतो, देवाशप्पथ. मग घडी उलगडली. काठाला दोऱ्यानं लाल चेरी भरलेल्या. तुझ्या बायकोचा, स्तानाचा हात मी ओळखतो, मिलादिन. तसल्याच टॉवेलात गुंडाळलेला गरम पाव तिनं वर्षानुवर्षं माझ्यापुढे ठेवलाय. आणि तू त्यावर माझ्या पोराचं तोंड आपटू दिलंस!

ओग्न्येनला यातलं काही ठाऊक नाही. रविवारी बाळाचा बाप्तिस्मा आहे. मी म्हटलं, दुसरा कूम बघू. तर तारांआडून फिस्कारला, "कूम म्हणजे काय शर्टाचं बटण आहे, तुटलं की दुसरं लावायला?" म्हणून हे पत्र. बाळाला पाण्यातून काढल्यावर गुंडाळायचं पांढरं कापड कुमानं आणायचं असतं. तुझं एक कापड माझ्याकडे होतं, ते पाकिटात घातलंय. धुतलेलं नाही. शनिवारी ये, पोराच्या पलंगावर बस, हे त्याच्या हातात दे आणि कुठे कोंबलं होतंस ते तुझ्या तोंडानं सांग. त्यानंतरही तो तुलाच कूम म्हणाला, तर मी तोंड उघडणार नाही. पांढरं घेऊन चर्चमध्ये ये. सांगायची छाती नसेल, तर येऊच नकोस. माझ्या नातीचं नाव मी ठेवीन.

शनिवारपर्यंत तरी तुझाच,
राडोयको