कपाटात नसलेलं जॅकेट

१४ मार्च, दुपारी

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. या खेपेला तो उभ्यानेच मान्य करून घे. कारण पत्राच्या शेवटी सांगते.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. ते वहिनी आधी स्वतः वाचेल आणि मग तुझ्या उजव्या कानाशी बसून मोठ्याने वाचून दाखवेल, तेव्हा तुझी सुटका नाही.

आम्ही दोघं मजेत आहोत. तुझे मेहुणे सध्या स्वयंपाक शिकतायत. मीठ एकदा विसरतात आणि पुढच्या वेळी दोन्ही वेळचं घालतात. मी मुकाट्याने खाते, एवढ्यावरून समज की काहीतरी बिनसलंय. बिनसलं नाहीये, पण त्याबद्दल नंतर.

आमच्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर भोंगा तुझी आठवण काढतो. त्याच्या आवाजापुढे सायरनची गरज नाही, हे तूच म्हणाला होतास. परवा म्हणाला, "दादांना सांगा, सोमवारच्या युनियनच्या सभेत मी त्यांच्याच बाजूने हात वर करणार होतो, पण आता माझं मत फिरलंय." का फिरलं, तेच लिहायचं आहे.

आपलं भांडण तुला शब्दन् शब्द आठवत असेल. आग विझवायला गेलेल्या तुमच्या गाडीवर जमावाने दगड मारले, तुझा डावा कान गेला, आणि तू म्हणालास की बंबवाल्यांना आणि अँब्युलन्सवाल्यांना दगड-वार झेलणारं जॅकेट, हेल्मेट आणि शस्त्र, तिन्ही हवं. मी म्हणाले, असं नटूनथटून गेलं तर आजारी माणसाच्या घरचं दार कोण उघडेल? तू ताटावरून उठलास. आठवड्याने पार्सल आलं, आत जॅकेट आणि एक चिठ्ठी: 'घालशील तरच बोल.' मी वहिनीकरवी निरोप धाडला की कपाटात ठेवलंय.

दादा, ते कपाटात नाही. दोन महिने मी ते रोज कोटाच्या आत घातलं. भर सभेत "आम्ही काय लढाईला जातो?" म्हणून टाळ्या घेतलेली बाई मी, कुठल्या तोंडाने सांगणार होते? रोज सगळ्यांच्या आधी येऊन कपडे बदलायचे. भोंग्याला वाटलं मी कामात सुधारले. आणखी एक. जॅकेटच्या पाठीतली पोलादी पाटी जड होते म्हणून मी काढून ठेवली आहे, आणि ती सध्या आमच्या गच्चीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावली आहे. ओरडायचं ते इथेच ओरडून घे.

जॅकेट घातलं त्या पहिल्याच दिवशी सकाळी दहाला फोन आला. तिसरा मजला, निवृत्त भूमितीचे मास्तर, साखर एकदम उतरलेली. बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "सकाळपासून पोटात काही नाही हो. लेक यायचीय म्हणून शर्टाला इस्त्री करत बसलेत, आणि आता मलाच ओळखत नाहीत." आत गेलो. मास्तरांना आम्ही चोर वाटलो. त्यांनी हातातली गरम इस्त्री उचलली आणि नेम धरून फेकली. भूमितीचा माणूस, नेम चुकतोय कशाला. बरोबर माझ्या छातीखाली बसली आणि मी जमिनीवर.

भोंग्याने मागून जाऊन त्यांना कवेत धरलं, मी बसल्या बसल्याच सुई टोचली. दहा मिनिटांनी मास्तर शुद्धीवर आले आणि आम्हाला म्हणाले, "बसा की. चहा घेतलात का?" मग त्यांना माझ्या कोटावरचा जळका डाग दिसला. "हा त्रिकोण मी काढला?" एवढं विचारलं आणि लहान मुलासारखे रडायला लागले. त्यांचं रडं थांबवायला आम्हाला साखर चढवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी त्यांच्या समाधानासाठी मी माझी ओढणी त्यांना इस्त्री करू दिली. भोंगा तेवढा वेळ वायरीजवळ उभा होता.

खाली गाडीत आल्यावर भोंग्याने चावी लावली, पण फिरवली नाही. मग म्हणाला, "ताई, कमरेला काही असतं ना, तर माझा हात आधी तिकडे गेला असता." त्या म्हाताऱ्याची लेक दुपारी यायची होती, दादा.

म्हणून सांगते, तू निम्मा बरोबर होतास आणि मी निम्मी चूक. तुझ्या कानाचं मला काही वाटत नाही असं समजू नकोस. त्या दिवशी तुझ्या डोक्यावर धड हेल्मेट असतं तर, हे मनात येऊन मी किती वेळा रडले ते यांना विचार. सोमवारी तुमच्या मागणीच्या कागदाचे दोन कागद कर. जॅकेट आणि हेल्मेटच्या कागदावर पहिली सही माझी, आणि टाळ्या घेतल्या होत्या त्याच जागी उभी राहून मी माझं आधीचं बोलणं मागे घेईन. शस्त्राच्या कागदाला विरोधही मीच करीन. तेव्हा तू खुशाल माझ्याशी भांड, पण तोंडाने भांड, असा गप्प बसून नको.

आता उरलेलं. गेल्या आठवड्यात जॅकेटच्या बाजूच्या पट्ट्या जुळेनात. ओढायला भोंग्यालाच बोलवावं लागलं, तेव्हा गुपित फुटलं. त्याने दोनदा ओढून पाहिलं आणि विचारलं, "ताई, जॅकेट आटलंय का?" तीन लेकरांचा बाप तो. एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदम हळू आवाजात बोलायला लागला. त्या दिवशी त्याने खड्डे चुकवत गाडी इतकी हळू नेली की मागचा पेशंट म्हणाला, "अहो, मी अजून जिवंत आहे, जरा जोरात घ्या." मग मीच ऑफिसात जाऊन सांगून आले. तेव्हापासून मी फोनच्या टेबलावर आहे. आधीच जायला हवं होतं, ते चुकलंच.

मास्तरांकडे गेलो त्याच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी मला बातमी सांगितली होती. म्हणून सकाळी कपाट उघडलं. माझ्या एकटीसाठी उघडलं नसतं, हट्टी आहे मी, तुझीच बहीण. त्याच दुपारी तपासून घेतलं, परवा पुन्हा घेतलं. सगळं ठीक आहे, ठोके घोड्यासारखे पळतात.

ती इस्त्री तुझ्या भाच्यावर नाहीतर भाचीवर आली होती, दादा, आणि मध्ये तू होतास.

आता फोन उचल.

तुला मामा करणारी, आणि तोवर उभ्यानेच नमस्कार करणारी,
ठेंगू