सून हॉस्टेलला राहते

४ जुलै

नाक्यावर फ्लेक्स लागला. बाळ्याच्या दुकानात छापला, दोस्त म्हणून पैसे घेतले नाहीत. मजकूर माझा : ‘आमच्या गावची शान सौ. रेश्मा यांची विद्यापीठात एम.एस्सी. (गणित) साठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ बायकोचा एकटीचा धड फोटो घरात नाही, म्हणून लग्नातला कापून घेतला. एका कोपऱ्यात माझाही आहे. तो बाळ्याने स्वतःहून टाकला. मी नको म्हणालो नाही.

लग्नाआधीची बी.एस्सी. फर्स्ट क्लास. मग मी, मग आमची लेक ओवी, मग गावातल्या पोरांच्या शिकवण्या. यंदा म्हणाली, फॉर्म भरते. भर म्हटलं. आणि लागला नंबर!

५ जुलै

घोळ झाला. मोठा.

मी जी यादी पाहिली ती अर्ज केलेल्यांची. निवड झालेल्यांची अजून लागायचीच आहे. रेश्मा ओटीवर बसून कपाळाला हात लावून हसत होती, मग हसायची थांबली. “अहो, त्या यादीत सगळ्यांचीच नावं असतात. मला एका शब्दाने विचारायचं तरी!”

माझ्या बाजूने एवढंच की यादी होती, यादीत नाव होतं, नावापुढे आकडा होता. आमच्या मानकोलीच्या गोडाउनला यादीत नाव आलं म्हणजे गाडी लागलीच. सात वर्षं डिस्पॅच सांभाळतोय, हीच सवय.

“काढा तो आत्ताच्या आत्ता.”

काढायला गेलो. तर फ्लेक्सखाली आई उभी, बरोबर दोघी-तिघी बायका. आई हात वर करून दाखवतेय, “ही बघा आमची.” ही तीच आई जी काल म्हणत होती, पोर शालेत जाईल का आई शालेत जाईल? तसाच परत आलो.

११ जुलै

पहिली यादी लागली. नाव नाही.

रेश्मा भाकऱ्या थापत राहिली. मीच जास्त बोललो, विद्यापीठाला शिव्या दिल्या. ती म्हणाली, “त्यांचं काय चुकलं? माझ्या पुढच्यांना जास्त मार्क आहेत.” मला त्या पुढच्यांचा राग आला.

गोडाउनवर सलीमभाई ड्रायव्हर म्हणाला, “भाभीजी का फोटो देखा चौराहे पे. मिठाई कब?” लवकरच म्हटलं. तोंड लपवायला ट्रेलरच्या मागे गेलो.

१४ जुलै

आई वज्रेश्वरीला जाऊन आली. ओटी भरली, कुंडाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसली, आणि एसटीत भेटेल त्याला सूनबाईचं सांगून आली. यादीचं तिला अजून सांगितलेलं नाही. रेश्मा म्हणते तुम्ही सांगा, मी म्हणतो तू सांग.

फ्लेक्स अजून आहे. रेश्मा आता शिकवणीला मागच्या गल्लीने जाते. तिला लपत जाताना पाहिलं आणि मला खरोखर वाईट वाटलं.

१७ जुलै

दुसऱ्या यादीत नाव!!!

या वेळी मी काहीच वाचलं नाही. तिने वाचलं, परत वाचलं, मग मला बोट ठेवून दाखवलं. “ही निवडीची यादी. ही खरी.” फी भरली. कागद तपासायला स्वतः विद्यापीठात जावं लागणार.

आईला आज सगळं खरं सांगितलं. म्हणाली, “म्हंजे ते बॅनर खोटं व्हतं?” म्हटलं, खोटं नाही, लवकर होतं. आईने मला लाटणं दाखवलं. मग स्वतःच गूळ आणून रेश्माच्या तोंडात घातला.

मागची गल्ली बंद. नाक्यावरून गेली आज, डोकं वर करून. मीही मुद्दाम मागून गेलो बघायला.

१ ऑगस्ट

कॉलेजचा पहिला दिवस. (ती म्हणते कॉलेज नाही, विभाग म्हणायचं.) सुट्टी काढून बाईकवर सोडलं. केवढी ती जागा! आत झाडं, रस्ते, रस्त्यांना वळणं, आणि कुठल्या इमारतीत काय ते कुणालाच धड ठाऊक नाही. एका पोराला विचारलं तर त्याने गणित विभागाऐवजी परीक्षा विभागाला पाठवलं. तिथली रांग बघून दोघं मागे फिरलो.

सापडला शेवटी. दारात पोरं-पोरी घोळक्याने उभी. आमची साडी नेसून गेलेली. एक मुलगी पटकन बाजूला झाली, “मॅडम, या ना.” रेश्मा म्हणाली, “मॅडम नाही गं, मी पण फर्स्ट इयरच.” ती मुलगी इतकी लाजली की हिनेच तिचा हात धरून आत नेलं.

मी बाहेर उभा राहिलो थोडा वेळ. काही काम नव्हतं. बारावीनंतर मी कुठल्या वर्गाच्या दारात उभाही राहिलो नव्हतो, आणि आत माझी बायको बसलेली. रडू आलं. लिहायला काय लाज?

८ ऑगस्ट

साडी बंद, ड्रेस सुरू. तिचा डबा कॅन्टीनमध्ये वर्गातल्या पोरी संपवतात, ही त्यांचा वडापाव खाते. त्या तिला रेश्मादी म्हणतात. सुकटीची चटणी जास्त घालून द्यायची, अशी ऑर्डर आहे. आई कुरकुरत घालते, आणि बऱ्यापैकी जास्त घालते.

आज जेवताना मला शिकवलं : अनंत एकाच मापाचं नसतं. एक असतं ते न संपणारं, पण ओळीत लावता येतं. दुसरं ओळीत लावताच येत नाही, ते आणखी मोठं. म्हटलं आमच्या मानकोली नाक्याच्या गाड्या कुठल्या? म्हणाली, “त्या पहिल्या. ओळीतच असतात ना.”

गोडाउनवर सांगितलं सगळ्यांना. सलीमभाई म्हणाला, “सही बात है, लाइन में तो हैं. बस आगे नहीं जाते.”

१९ ऑगस्ट

पहिलं लेक्चर पुन्हा बुडालं. बस मानकोलीलाच अडकली. ट्रेलर आडवा, मागे कंटेनर, त्यामागे सगळं जग. आणि सकाळच्या त्या गाड्या आदल्या संध्याकाळी भरून लावतो कोण? मीच. ती ओरडली नाही, फक्त म्हणाली, “तुमच्या कंपनीचाच होता आज पुढे.”

हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत. सरांनी आज बोलावून सांगितलं. चांगले आहेत म्हणते, ओरडले नाहीत, पण नियम तो नियम. घरी आली तेव्हा चेहरा उतरलेला. ओवीला मांडीवर घेऊन तसाच अभ्यास. ओवी तिच्या वहीत मांजर काढते आणि ती मांजराच्या भोवतीने गणित सोडवते.

२५ ऑगस्ट

हॉस्टेलची जागा मिळतेय.

मला आज सांगितलं, अर्ज मागेच केला होता म्हणे. सोमवार ते शुक्रवार तिथे, शुक्रवारी संध्याकाळी घरी. हजेरी पूर्ण होईल, लायब्ररीत बसता येईल. “विचारून अर्ज करायला हवा होता, पण तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी केलाच नसता. म्हणून नाही विचारलं.”

  फ्लेक्स लावणारा मी, गोडाउनभर अनंत सांगत फिरणारा मी. पण माझी विद्यार्थिनी संध्याकाळी घरी येते, हे मी धरूनच चाललो होतो. शान गावात राहिली पाहिजे, असं काहीसं माझ्या मनात होतं. आज कळलं. आवडलं नाही.

तीन तारखेपर्यंत कळवायचंय, नाही तर जागा दुसरीला. गणपती दोन दिवसांवर. विसर्जनापर्यंत घरात कुणाला सांगायचं नाही असं ठरलं.

२९ ऑगस्ट

घर पाहुण्यांनी भरलंय. मोठी आत्या, तिच्या सुना, पोरं. आरतीनंतर रेश्माला बोलवून प्रत्येकजण आपापल्या पोराचे मार्क सांगतो. ही मोदकाच्या चुलीपुढून पदर खोचून येते, कुणी पुढे कुठला विषय घ्यावा ते सांगते आणि परत मोदकांना जाते.

आई खूश. आत्याला म्हणाली, “माजी सून मुंबैला जाते शिकाला, आन घर पन बघते.”

‘घर पण बघते’ ऐकलं आणि रेश्माने माझ्याकडे पाहिलं. मी निरांजनाची वात सारखी करत बसलो.

३ सप्टेंबर

काल विसर्जन झालं, पाहुणे गेले. आज सांगावंच लागलं. मीच सांगितलं, तिला सांगायला लावलं नाही. एवढं तरी केलं.

आई : “हास्टेलला? लग्न झालेली बाय? पोर टाकून? लोका काय म्हनतील, भांडून गेली म्हनतील.”

रेश्मा म्हणाली, “आई, ओवीला टाकून नाही जात. शुक्रवारी येणारच मी. पण असंच चाललं तर परीक्षाच हुकेल.” ती मागे हटली नाही.

मग मी म्हटलं, “आई, माझी हरकत नाही. ओवीचं मी बघतो. फर्स्ट शिफ्ट मागून घेतो, दुपारी घरी.” हे रेश्मालाही नवीन होतं. मलाही, बोलेपर्यंत.

आई उठून चुलीकडे गेली. भांडी आपटली. आतूनच बोलली, “मी तुज्या टायमाला चार म्हयने म्हायेरी व्हतो. तुज्या भनीच्या टायमाला पन. तवा घर चाललंच ना? कोन बोललं न्हाय.” मग बाहेर येऊन रेश्मापुढे उभी राहिली. “आमी बाया घर सोडून ऱ्हायलो ती बालतपनाला, न्हायतर कुनाचं मयत झालं तर. शिकाला कोनी ऱ्हायली न्हाय. तू ऱ्हा. लोकांना मी बघतो.”

रेश्मा तिच्या गळ्यात पडली. आईला ते जमत नाही, ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, सोड, हाताला पीठ हाय.

होकार कळवला.

७ सप्टेंबर

सोडायला गेलो. सलीमभाईने छोटा टेम्पो दिला, त्यात पेटी, गादी, बादली, आम्ही चौघं. हॉस्टेलच्या बाई म्हणाल्या, पुरुषांना वर बंदी, घरच्या बायका जाऊ शकतात. म्हणजे वर आई गेली आणि ओवी. मी खाली बादली धरून.

खूप वेळ लागला. उतरली तेव्हा आई वेगळीच. “खाट बगितली. टेबल हाय, खुर्ची हाय, दिवा हाय. मी बसून बगितलं खुर्चीव. खिडकीत झाड हाय.” मग, “तिचं एकलीचं हाय रं ते सगलं.”

निघताना ओवी रडली. रेश्माही. मी नाही, कारण टेम्पो मला चालवायचा होता. वाटेत ओवी झोपली. आई म्हणाली, “हिला परत आनू. बगून ठेवू दे कुठं ऱ्हावाचंय ते.”

८ सप्टेंबर

फर्स्ट शिफ्ट उद्यापासून, म्हणून सकाळी घरी. ओवीची वेणी जमली नाही. शेवटी आईने घातली, माझ्या हातून कंगवा काढून घेऊन. शाळेत बाईंनी विचारलं तर ओवीने सांगितलं, आई शाळेत राहायला गेली. बाई हसल्या, मी समजावून सांगायला गेलो आणि समजावता समजावता बरीच बढाई मारून आलो.

घर रिकामं वाटतं. परीक्षा दिवाळीनंतर. पेपर अवघड असतात म्हणे, निम्मे लोक अडकतात. ओवीला हे किती दिवस झेपेल, मला किती, ठाऊक नाही.

संध्याकाळी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मेसेज आला : लायब्ररीत आहे, नंतर करते.

आई म्हणाली, काय बोलली? म्हटलं, अभ्यास करतेय. माझा अंगठा पुन्हा तिच्या नावावर होता. आईने फोन हातातून घेतला आणि फळीवर ठेवला.

“मग करू दे की तिला.”