बैठकीच्या खोलीची चाबी

मी, रुपाली श्रीकृष्ण टोकेकर, वय सत्तेचाळीस, राहणार रामबाग, इंदूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. मन ठिकाणावर आहे. शांत आहे असं मात्र लिहिणार नाही. आधीचा मसुदा रद्द समजावा. कारण पुढे येतं.

१. घर. पोलोग्राउंडच्या कारखान्यात कारकून असलेल्या बाबांनी ते तिसाव्या वर्षी बांधलं. मला आयतं मिळालं. पहिल्या मसुद्यात मी ते माझ्यामागे मुलगी उर्वी हिला दिलं होतं. उर्वी चोवीस वर्षांची, इंजिनियर, सांवेर रोडच्या एका कारखान्यात अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. स्कूटर दुरुस्तीचं दुकान काढायला तिला रस्त्याकडची बैठक हवी होती. "माझ्यामागे सगळं तुझंच आहे," मी म्हणायचे.

वकिलांनी बजावलं होतं, ज्याला मिळायचं त्याने साक्षीदार होऊ नये. उर्वीने मसुदा वाचला, पेन उचललं आणि साक्षीदाराच्या जागी सही ठोकली.

"आता तर नाही ना मिळणार?"

"अगं, वेडी झालीस का?"

"तू ऐंशी वर्षं जग, आई, मनापासून सांगते. पण तेव्हा मी सत्तावन्नची असेन. दुकान तेव्हा खोलू का?"

मी म्हटलं, मृत्युपत्राची रजिस्ट्री करू, पक्कं होईल. ती हसली. "तीन सरकारी भरत्यांची हॉल टिकिटं आहेत माझ्याकडे, ठप्प्यासकट, एकदम असली. पेपर फुटले, परीक्षा कॅन्सल. ठप्प्याचं मला नको सांगू. चाबी दे."

त्या हसण्याने मी अजून हादरलेली आहे. माझा कागदावर विश्वास आहे, कारण कागदाने मला कधी फसवलं नाही. हे माझं शहाणपण की नुसतं नशीब, मला ठरवता येत नाही.

तेव्हा बैठक तिला आजच दिली, चाबीसकट. ती या मृत्युपत्रात येत नाही. उरलेलं घर माझ्यामागे तिचं.

२. बैठकीतला सोफा, ज्यावर आम्हा घरच्यांना बसायला मनाई होती, तो दौलतरावकाकांना. "आजकालच्या पोरांना मेहनत नको" हे ते दर रविवारी त्याच्यावरच रेलून सांगतात. त्यांनी तो स्वतः उचलून न्यावा.

३. आईच्या पाटल्या उर्वीच्या, मागेल तेव्हा, मी असतानाच. मोडल्या तर कोणी जाब विचारू नये.

४. माझ्या रोजनिश्या रद्दीत द्याव्यात. "पुढे सगळं ठीक होईल" हे वाक्य त्यांत फार वेळा आलं आहे.

माझ्यासमोर सही करणारे साक्षीदार: सुलोचना मुळ्ये, शेजारीण, जयेश बर्वे, सहकारी. उर्वीची सही या वेळी नाही. हात ग्रीसचे आहेत म्हणाली.

रुपाली श्रीकृष्ण टोकेकर
१४ सप्टेंबर २०२५
इंदूर, आतली खोली. बैठकीत ड्रिल चालू आहे.