कुंडलिकबुवांना संशोधनाचे साहित्य समजण्याबाबत

दिनांक: १४ जानेवारी २०२५

प्रति,
मा. संशोधन निधी अधिकारी,
पाऊल पुढे धर्मादाय न्यास,
मरोळ, अंधेरी (पूर्व), मुंबई.

विषय: पार्किन्सनच्या रुग्णांच्या चालण्यावरील संशोधनातून मला वगळू नये व कुंडलिकबुवा मेस्त्री यांना साहित्य म्हणून मंजुरी मिळावी.

संदर्भ: मला वगळल्याचे आपले पत्र.

महोदय,

मी धोंडू बाळा परब, राहणार दिंडोशी, डबलबारीचा भजनीबुवा. मला पार्किन्सन आहे. हात हलतात ते हलोत, पण दारात आलो की पाय जमिनीला चिकटतात. बेल वाजवणारा कंटाळून परत जातो, आणि मी उंबरठ्याशी उभाच असतो.

१. आपल्या न्यासाने लोकांच्या देणग्यांतून ठेका देणारे एक परदेशी यंत्र घेतले. त्याच्या टकटकीवर रुग्णाचे पाऊल पडते का, हे तपासायचे होते. ही तपासणी करणाऱ्या डॉ. गार्गी यांनी ते माझ्या कानाला लावले. मी हललो नाही. असा ठेका धरणाऱ्याला आम्ही भजनातून उठवून चहा आणायला पाठवतो.

२. त्या दिवशी कुंडलिकबुवा मला सोबत म्हणून आले होते. डबलबारीत आम्ही उभा जन्म समोरासमोर बसलो. भजन करायचे आणि समोरच्या बुवाची अब्रू काढायची, अशी ती कला आहे. मला थिजलेला पाहून ते म्हणाले, "धोंड्या, गळो कधीचो बसलो, आता पाय पण बसले काय रे?" मी उत्तर द्यायला निघालो तो थेट त्यांच्या कॉलरपर्यंत पोचलो. गार्गीबाईंनी टाळ्या वाजवल्या. आपल्या कार्यालयाने मात्र 'मंजूर साहित्याव्यतिरिक्त उत्तेजन' असा शेरा मारून मला काढून टाकले.

३. खरे संकट पुढेच आहे. हा आजार बरा होत नाही, असे आपल्या पत्रात छापले होते. ते कुंडलिकबुवांनी वाचले. तेव्हापासून ते मला 'धोंडूजी' म्हणतात, हात धरतात, माझ्या गाण्याची स्तुती करतात. ती खोटी आहे हे मला कळते, आणि पाय हलत नाहीत. सौ. लता जपते, शेजारी जपतात, आता हाही जपायला लागला. महोदय, मला याची फार भीती वाटते.

४. सबब विनंती की, कुंडलिकबुवांना यंत्राच्या बरोबरीने साहित्यात धरावे, त्यांचा रिक्षा-चहाचा खर्च यंत्राच्या देखभालीतून भागवावा, आणि माझी अब्रू काढणे हा उपचाराचा भाग असल्याचे त्यांना न्यासाच्या शिक्क्यानिशी कळवावे. यंत्राला कंपनीची हमी आहे. आम्हा दोघांनाही ती नसल्याने निर्णय लवकर व्हावा.

उंबरठ्याच्या आतून,
आपला नम्र,
धोंडू बाळा परब
(सही मुंगीएवढी आली आहे, कृपया झटकू नये.)

सोबत: डॉक्टरांचे प्रमाणपत्र, आपले पत्र.

अर्ज लिहून देणार: कुंडलिक मेस्त्री

लेखनिकाचा खुलासा: अर्जदाराचे अक्षर वाचता येत नाही, म्हणून त्यांनी सांगितले तसे मी लिहिले. कलम ३ लिहिताना मला वाईट वाटले. त्यामुळे शिक्क्याची वाट न पाहता मी त्यांना स्पष्ट सांगितले की, स्तुती खोटीच होती, ते आजारापूर्वीही बेसूरच गात, आणि पार्किन्सनवर त्याचे खापर फोडू नये. हा खुलासा मी जिन्यात उभा राहून लिहीत आहे. अर्जदार चप्पल न घालताच माझ्या मागे बाहेर आले आहेत.